कात्रणं गाळू नकोस, कादंबरी तिथेच आहे

तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतची ४० पानंही पाहिली. नेरुळला राहतेस, अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, चेक लेखक कारेल चापेकच्या ‘वॉर विथ द न्यूट्स’ या कादंबरीची मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, काढायला घेतलीस. पहिला भाग झरझर झाला आणि दुसऱ्या भागाशी गाडं अडलं. मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक राहायचं, गोष्ट नवी मुंबईत आणली तर चालेल का आणि परवानगी कोणाची घ्यायची, असं विचारलंयस. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. गेली १९ वर्षं ठाण्यात बसून स्टोरीबोर्ड काढतेय. विज्ञानकादंबऱ्यांची रूपांतरं हा त्याच्या बाहेरचा, रात्री जागून जपलेला नाद.

ज्यांनी पुस्तक वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुमात्राजवळच्या एका बेटाशी एका म्हाताऱ्या कप्तानाला दोन पायांवर चालणारे, शिकवलं की शिकणारे मोठे सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर) सापडतात, हेच ते न्यूट. शार्कशी लढायला तो त्यांना सुऱ्या देतो आणि बदल्यात मोती काढून घेतो. मग कंपनी उभी राहते, न्यूटांची खरेदी-विक्री सुरू होते. बंदरं, बांध, समुद्रातले भराव त्यांच्याकडून करून घेतले जातात, आणि देशोदेशीची माणसं त्यांना हत्यारं-स्फोटकं पुरवतात. त्यांना जगायला उथळ पाणी लागतं. संख्या वाढते, किनारा पुरेनासा होतो, आणि ते जमीन फोडून समुद्र आत घेऊ लागतात. हे लिहिलं गेलं १९३५-३६ मध्ये, शेजारच्या देशात हिटलर सत्तेवर असताना.

आता तुझ्या अडचणीकडे येते. तू लिहिलंयस, ‘दुसऱ्या भागात नुसती वर्तमानपत्राची कात्रणं आणि तळटिपा आहेत, प्रसंग नाहीत, म्हणून तो १० पानांत उरकला.’ माझ्या मते तिथेच सगळं निसटलं. ती कात्रणं म्हणजे प्रसंगांमधलं सारण नाही. न्यूट जगभर पसरले ते कोणाच्या डोळ्यांदेखत एका दिवसात नाही, आतल्या पानावरच्या बारीक बातम्यांतून पसरले. सगळं छापून येत होतं, सगळे वाचत होते, आणि कोणी काही केलं नाही. त्यातही ही कादंबरी आधी ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या दैनिकात क्रमशः आली, आणि चापेक स्वतः त्याच दैनिकाचा पत्रकार. म्हणजे प्रागचा माणूस सकाळी पेपर उघडून खऱ्या बातम्यांच्या शेजारी खोट्या बातम्या वाचत होता. तुझी पहिल्या भागातली शार्कशी झुंज सुंदर उतरली आहे, पाण्याखालचा उजेड फार छान धरलायस. पण नुसत्या झुंजी काढल्यास तर तो राक्षसपट होईल. राक्षसपटात माणसाला धोका उशिरा कळतो. इथे पहिल्या दिवसापासून कळलेला आहे.

हा घोळ तुझा एकटीचा नाही, मोठमोठ्यांना पडलेला आहे. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमच्या ‘सोलारिस’ या कादंबरीत (१९६१) नायक अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात बसून खालच्या ग्रहावरच्या जिवंत महासागराबद्दलच्या जुन्या संशोधनाचे खंड वाचतो. पानंच्या पानं वर्गीकरणं, वाद, फसलेले सिद्धांत. कंटाळवाणं वाटतं आणि तिथेच लेमचं म्हणणं दडलेलं आहे, की माणसाने इतकं लिहिलं आणि समोरचं काय आहे ते कळलंच नाही. तारकोव्स्कीचा १९७२ चा चित्रपट आणि सोडरबर्गचा २००२ चा, दोन्ही नायकाच्या मृत पत्नीभोवती फिरतात, त्या ग्रंथालयातलं वाचन जवळजवळ नाहीसं होतं. तारकोव्स्कीचा चित्रपट मला प्राणापलीकडे आवडतो, त्यातलं पाण्यातलं हलणारं गवत मी आजही विद्यार्थ्यांना दाखवते. पण लेमला तो पटला नव्हता आणि त्याचं दुःख मला समजतं. चित्रपटाला ते वाचन दाखवणं खरंच अवघड आहे, प्रेक्षकाला थांबून पान वाचता येत नाही. मांगात येतं! वाचक हवं तितका वेळ एका चौकटीवर थांबू शकतो, मागे जाऊ शकतो. तारकोव्स्कीकडे नव्हतं ते साधन तुझ्या हातात आहे आणि तू ते १० पानांत संपवलंस, म्हणून इतक्या कळकळीने लिहितेय.

मग प्रामाणिक कशाशी राहायचं? घटनांशी नव्हे, पुस्तक वाचकाला ज्या जागी नेऊन उभं करतं त्या जागेशी. साक्यो कोमात्सुच्या ‘जपान बुडतंय’ (१९७३) या कादंबरीत पाणबुडीचालक, भूगर्भशास्त्रज्ञ, सरकार अशी मोठी मांडणी आहे. २०२० च्या १० भागांच्या अ‍ॅनिमेत (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेत) मासाआकी युआसाने ती बाजूला सारून एका साध्या कुटुंबाची फरफट दाखवली. भूमीच गेली तर त्या भूमीवरच्या माणसांचं काय उरतं, हा प्रश्न मात्र त्याने सोडला नाही, म्हणून मी ते त्याच कादंबरीचं रूपांतर मानते. काही भागांत मरणं फार घाईने येतात, तिथे मला ते पटलं नाही. उलट मोतो हागिओने १९७७-७८ मध्ये र्यू मित्सुसेच्या १९६७ च्या कादंबरीवर मांगा केली, ती मिळाली तर नक्की वाच. त्यात प्लेटो आहे, सिद्धार्थ आहे आणि असुरराजा एका मुलीच्या रूपात आहे. विश्वाच्या अंतापर्यंतची तत्त्वचर्चा, आणि हागिओने तिचा सगळा भार त्या मुलीच्या चेहऱ्यावर पेलला. आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेला असुर जपानी हातातून असा परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर पुलंची ‘ती फुलराणी’ घे. शॉच्या नाटकातलं लंडन गेलं, फुलं विकणारी मुलगी मंजुळा झाली, पण बोलीवरून माणसाची पायरी ठरवायची खोड जशीच्या तशी राहिली, कारण ती आपल्यातही होतीच. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसून ते नाटक पाहिलं तेव्हा रूपांतर म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं.

तर कात्रणं कशी काढायची? पुस्तकात ती पोवोंद्रा नावाचा माणूस जमवतो. उद्योगपती बाँडीच्या घरचा हा दारवान. बाँडीकडे मदत मागायला आलेल्या त्या कप्तानाला त्यानेच आत सोडलं आणि पुढे आयुष्यभर त्याला वाटत राहतं, मी दार उघडलं नसतं तर? त्याची बायको खोकं फार भरलं की गुपचूप गठ्ठे काढून जाळते, त्यामुळे इतिहासात भोकं पडली आहेत. तुझ्या ४० पानांत हा माणूस फक्त एका चौकटीत दिसतो. मी असते तर त्याच्यापासून सुरुवात केली असती. प्रत्येक कात्रणाच्या कडेला ते धरलेला त्याचा अंगठा दिसू दे. सुरुवातीला तो अंगठा तरुण असेल, मग सुरकुतेल, शेवटी थरथरेल. एकही संवाद न लिहिता ३० वर्षं जातील. मध्येच एक अख्खं काळं पान ठेव, कोपऱ्यात चुलीचा उजेड, ते जळालेले महिने. चापेकने काही कात्रणं वाचता न येणाऱ्या लिपीतसुद्धा छापली आहेत, त्यामुळे तुलाही सगळं वाचनीय ठेवायची सक्ती नाही.

आणि मराठी पेपरचं रूप घे, इंग्रजी नको. आपल्या पेपरात किती तऱ्हा असतात बघ: जाहीर निविदा, ‘पाहिजेत’, वाचकांचा पत्रव्यवहार, भावपूर्ण श्रद्धांजली, तळाशी एका ओळीची बातमी. ‘बांधाच्या कामासाठी ५०० न्यूट त्वरित पाहिजेत, जेवण मालकाकडे’ ही तीन ओळींची जाहिरात लढाईच्या दोन पानांपेक्षा जास्त भीती घालेल. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन जुनी नियतकालिकं पाहायला मिळतात का विचार. १८९३ पासूनची संस्था आहे. जुन्या छपाईतली अक्षरं, रकान्यांमधल्या रेघा, शाईचे डाग डोळ्यांत भरून घेतलेस की हात आपोआप चालेल.

नवी मुंबईत आणावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. मोह मलाही झाला. १९७० साली सिडको आली, मग खाजणं, मिठागरं, भातशेती यांच्यावर भराव पडत शहर उभं राहिलं. उलव्याचा डोंगर कापून विमानतळाची जमीन झाली. भराव, बांध, बंदर हेच तर पुस्तकातल्या न्यूटांचं काम. ओहोटीला ऐरोलीच्या खाडीवर जा आणि चिखलात निवट्या बघ. मासा असून कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत जमिनीवर चालतात, डोळे वर काढून आपल्याकडे बघतात. तुझ्या न्यूटांना सध्या कार्टूनचे गोल डोळे आहेत, त्याऐवजी ही नजर दे. गोंडसही नाही, भेसूरही नाही, फक्त लक्ष ठेवून असलेली.

पण दोन धोके आहेत. पहिला गंभीर. चापेकचे न्यूट कधी गुलाम असतात, कधी मजूर, कधी शिस्तबद्ध सैन्य, ते एका जमातीच्या नावावर बसत नाहीत. नवी मुंबईत आणलेस की वाचक लगेच कोणाला तरी त्या जागी बसवणार: जमिनी गेलेले आगरी-कोळी, नाहीतर बाहेरून आलेले बांधकाम मजूर. ज्यांच्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, ज्यांनी त्यासाठी गोळ्या झेलल्या, त्या माणसांना चित्रात चिखलातला प्राणी करून ठेवणं हा अन्याय होईल, तुझ्या मनात नसला तरी. तेव्हा स्थानिक माणसं ठळकपणे, नावागावाने माणसं म्हणून असू देत. दिवाळे गावच्या कोळणीला न्यूट सगळ्यांच्या आधी दिसतात आणि तिचं कोणी ऐकत नाही, असं एक पात्र मला लगेच दिसतं.

दुसरा धोका रचनेतला. प्रागला समुद्र नाही. पुस्तकभर चेक माणूस म्हणत असतो, आपल्याला काय, आपण लांब आहोत. शेवटी म्हातारा पोवोंद्रा मुलाबरोबर व्हल्ताव्हा नदीवर मासे धरत बसलेला असताना पाण्यातून काळं डोकं वर येतं. त्या एका डोक्याने सगळी कादंबरी कोसळते. नेरुळला खिडकीतूनच खाडी दिसते, तिथे न्यूट दिसला तर नवल काय? म्हणून तुझा पोवोंद्रा घाटावरचा हवा. समज, वाशीच्या एका सोसायटीचा वॉचमन, उजनीच्या काठच्या गावचा, निवृत्त होऊन परत गेलेला. मुंबई बुडाली तरी मधे सह्याद्री आहे, अशी त्याची खात्री. पण उजनी धरण भीमेवरचं, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. ते दुसऱ्या समुद्राकडून येतील! भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, ठाण्याच्या खाडीतही उतरतात. पहिल्या पानावर खाडीतले आणि शेवटच्या पानावर उजनीतले काढलेस तर वाचकाला न सांगता दोन पाणी जोडली जातील. मग त्या गुलाबी थव्यात एक काळं डोकं.

अक्षरांबद्दल घाईत सांगते. जपानी मजकूर उभा लिहितात म्हणून त्यांचे संवादांचे फुगे उंच आणि अरुंद असतात. तू तेच फुगे घेऊन त्यात देवनागरी कोंबली आहेस, त्यामुळे शब्द तुटतात आणि वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. फुगे आडवे कर, ओळींत जास्त अंतर सोड, आणि चौकटी डावीकडून उजवीकडेच लाव. आवाजांचे शब्द मात्र इंग्रजीतून घेऊ नकोस. डुबुक, चुळुक, सपसप, भळाळा, बदकन. या बाबतीत आपली भाषा जपानीच्या तोडीची आहे.

परवानगीचं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. चापेक डिसेंबर १९३८ मध्ये गेला, म्हणजे भारतात मूळ चेक कादंबरी १९९९ पासून मोकळी आहे. पण तू चेकवरून काम करत नाहीस, इंग्रजी अनुवादावरून करतेयस. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो आणि या पुस्तकाचे एकाहून जास्त इंग्रजी अनुवाद आहेत. त्यांची वाक्यं उचलून मराठी करू नकोस, कथा समजून घे आणि संवाद स्वतःचे लिही. बाहेरच्या देशांत विकायचं ठरलं तर तिथला कायदा वेगळा पाहावा लागेल. लेम, कोमात्सु, आपले नारळीकर यांच्या साहित्यावर हक्क चालू आहेत. तिथे लेखी परवानगीशिवाय पहिलं रेखाटनसुद्धा करू नये. मी एका कादंबरीवर आठ महिने काम केलं होतं, वारसांच्या तोंडी होकारावर. नंतर हक्क दुसरीकडे गेले आणि ती २२० पानं आजही माझ्या कपाटात आहेत.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला न्यूट तू गाळलायस, तोही परत घे. तो पेपर वाचायला शिकतो, बघ्यांशी पेपरातल्याच वाक्यांत बोलतो आणि त्यांनी चारलेल्या गोडधोडाने मरतो. सबंध पुस्तकात एवढ्या जवळून भेटणारा न्यूट तो एकटाच. त्याला आठ पानं दे, त्याच्या पिंजऱ्यासमोरच्या गर्दीचे चेहरे नीट काढ, आणि त्याच्या मरणाची बातमी अंगठ्यात धरलेल्या कात्रणात येऊ दे, तळाशी, एका ओळीत. ती आठ पानं झाली की इथेच टाक, मी रेघ न् रेघ बघून कळवते.