बास्केटबॉलमध्ये फुल स्पीडने लेअप (पळत येऊन रिंगजवळ उडी मारून टाकायचा शॉट) मारताना
अरे, तुझा बॉल रिंगमागच्या बोर्डवर आपटून लांब जातोय कारण पळण्याचा जोर आधीच बॉलमध्ये आहे, वरून तू हाताने अजून ढकलतोयस. उजवीकडून येताना बॉल पकडलास की उजवा पाय लांब टाक, मग डावा आखूड आणि जोरात दाबून, म्हणजे पुढे जाणारा वेग वर वळतो, आणि उडताना उजवा गुडघा वर खेच. रिंगकडे बघू नको, बोर्डवरच्या चौकोनाचा उजवा वरचा कोपरा बघ आणि बॉल बोटांनी अलगद तिथे ठेव. आधी चालत कर, मग अर्ध्या स्पीडने, पाय आपोआप पडायला लागले की मगच पळ. आणि डाव्या हाताने पण कर रे, प्लीज, नाहीतर डिफेंडर तुझी उजवी बाजूच बंद करून टाकेल.