सवलत फक्त दहावीलाच मिळते का?

प्रश्न : मुलगा सातवीत, मराठी माध्यमात आहे. वय साडेबारा. तोंडी विचारलं तर इतिहासाचं उत्तर घडाघडा सांगतो, पेपरात मात्र दोन ओळी लिहून थांबतो. जोडाक्षरं चुकतात, फळ्यावरचं उतरवून होत नाही. खासगी समुपदेशकांनी लेखन अक्षमतेचा अहवाल दिला आहे. शाळा म्हणते, सवलती बोर्डालाच मिळतात, तोवर सराव करून घ्या. काय करावं?
– एक आई, सांगली

उत्तर : शाळेचं म्हणणं चुकीचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि त्याच्या सतराव्या कलमात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो केवळ दहावी-बारावीपुरता नाही. महाराष्ट्राने तर १९९६ पासूनच या मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली होती. सातवीच्या घटक चाचणीतही मुलाला जादा वेळ मिळायला हवा, आणि तो आत्ताच मागा.

पण खासगी अहवालावर बोर्डाचं काम भागत नाही. तिथे शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव, केईएम आणि नायर रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. तुम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा, किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. आधी स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज भरा. मुलाचं नाव आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, हे त्याच वेळी पाहा. पुढे अर्ज अडतात ते बहुतेक अशाच फरकांमुळे.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी डोळे आणि कान, कारण कमी दिसणारं मूलही फळ्यावरचं चुकीचंच उतरवतं. मग बुद्ध्यंक चाचणी, आणि शेवटी वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका दिवसात हे उरकत नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चाला. सोबत दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, तपासलेल्या उत्तरपत्रिका, भाषेची एक न सुधारलेली वही आणि वर्गशिक्षकांचं लेखी निरीक्षण न्या. घरी नीट उतरवून घेतलेली वही उपयोगाची नाही. चुका दिसायला हव्यात. चाचणी मराठीतून घ्या असं सांगा. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजीतून परीक्षा घेतली, तर अक्षमता कुठली आणि न येणारी भाषा कुठली हे कळतच नाही.

तोवर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, खासगी अहवालाची प्रत जोडा आणि पोच घ्या. अर्जात ‘सहकार्य करावे’ एवढंच लिहू नका. नेमकं मागा : तासाला २० मिनिटं जादा, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, फळ्यावरचं लिहून घेण्याऐवजी छायाप्रत, पहिल्या बाकावर जागा.

लेखनिकाबद्दल सविस्तर लिहितो, कारण फसगत इथेच होते. सांगितलेलं लिहून घ्यायला कोणी मिळालं की काम झालं असं पालकांना वाटतं. पण सांगून लिहवणं हे वेगळं कौशल्य आहे. सराव नसलेलं मूल मनातल्या मनात उत्तर जुळवत बसतं, लेखनिक पेन धरून वाट पाहतो, आणि जादा वेळही संपतो. गणितात अडचण जास्त. ‘एक्स अधिक दोनचा वर्ग’ असं म्हटलं तर वर्ग फक्त दोनचा की कंसाचा, हे लेखनिकाने ठरवायचं नसतं. ‘कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग’ असं बोलायची सवय आठवीपासून लावा. बोर्डाचा लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, म्हणून सरावही आई-बाबांबरोबर नको, धाकट्या चुलतभावाबरोबर किंवा शेजारच्या मुलीबरोबर करा. तुम्ही नकळत वाक्य पूर्ण करता, ते मूल करणार नाही.

मुलाची अडचण फक्त लेखनाच्या वेगाची असेल, तर लेखनिकाशिवाय जादा वेळच पुरेल. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, दोन तासांचा दोन तास चाळीस मिनिटांचा. चार तास बसण्याची सवयही करावी लागते. घरी एक सराव पेपर पूर्ण वेळ लावून सोडवून घ्या. तिसऱ्या तासानंतर अक्षर बिघडतं की लक्ष उडतं, ते पाहा.

दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभवाचा विषय घेण्याचीही सोय आहे. तिथे घाई करू नका. तुमच्या पत्रावरून मुलाची अडचण लेखनाची दिसते, गणनाची नाही. गणित सोडलं की पुढे अभियांत्रिकीसारख्या वाटा अवघड होतात. हा निर्णय नववी सुरू होण्याआधी, मुलाला विचारून घ्या.

प्रश्न : मुलीचं प्रमाणपत्र ती नऊ वर्षांची असताना काढलं होतं. आता ती नववीत आहे. तेच चालेल का?
– एक पालक, अमरावती

उत्तर : नाही. हे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. अठराव्या वर्षीचं कायमचं. चौदावं पूर्ण झालं असेल तर लगेच रुग्णालयाची तारीख घ्या. बोर्डाचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, तुमच्या बाबतीत अमरावतीलाच. जुनं प्रमाणपत्र टाकून देऊ नका, पुनर्तपासणीत ते दाखवावं लागतं. मान्यतेचं पत्र हाती आल्यावर त्यात मागितलेली प्रत्येक सवलत वेगवेगळी लिहिलेली आहे का ते वाचा. जादा वेळ आहे पण लेखनिकाचा उल्लेख राहिला, हे परीक्षेच्या सकाळी केंद्रावर कळलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.