नैसर्गिक दफनामुळे जवळच्या विहिरीचं पाणी खराब होतं का?

जमीन योग्य असेल आणि विहीर पुरेशी लांब असेल तर सहसा होत नाही. नैसर्गिक दफनात देह टिकवायचं रसायन (फॉर्मलिन) टोचलेलं नसतं, पॉलिश केलेली पेटी किंवा काँक्रीटचा हौदही नसतो. सुती कफन आणि माती, एवढंच. (आपल्याकडे मुस्लिम आणि लिंगायत दफनं बहुतेक अशीच होतात, त्यामुळे हे काही परदेशी खूळ नाही.) पण देह कुजताना अमोनिया आणि क्षार सुटतातच. वरच्या हवेशीर मातीत जिवाणू ते पचवतात. खोल, पाणथळ खड्ड्यात कुजणं रेंगाळतं आणि तेच पाणी झिरपत जातं. इंग्लंडमध्ये म्हणूनच सरकारी नियम आहेत:

- पिण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून किंवा झऱ्यापासून किमान 250 मीटर
- इतर झरा, ओढा, नदीपासून किमान 30 मीटर
- खणताना खड्ड्यात पाणी लागता कामा नये

हे आकडे तिथल्या जमिनीसाठी आहेत. कोकणात पावसाळ्यात पाणी हातभरावर येतं, जांभ्यातून भराभर झिरपतं. तिथे अंतरापेक्षा भर पावसातली पाणीपातळी आधी बघा. आणि खड्ड्यात मीठ ओतायची पद्धत असेल तर ती टाळलेली बरी, ते सगळं मीठ शेवटी भूजलातच उतरतं.