दिवाळीची सुट्टी, दोन फासे आणि गणिताची धास्ती

दिवाळीच्या तोंडावर सहामाही परीक्षेचे पेपर घरी आले की लातूरमधल्या माझ्या समुपदेशन कक्षात एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: मुलाला गणित जमत नाही, तर सुट्टीत त्याला जादा शिकवणी लावावी की खेळू द्यावे? या प्रश्नाचे उत्तर मी एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी पाचवीत होती आणि नवोदय विद्यालयाच्या (सहावीपासूनच्या केंद्रीय निवासी शाळेच्या) प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. त्या परीक्षेतील ८० प्रश्नांपैकी २० अंकगणिताचे असतात आणि त्या विसांनी घरातल्या सर्वांची झोप उडवली होती. “मॅडम, लेकराला सगळं येतंय, पण कुणी विचारलं की घशात अडकतंय बघा,” असे आई म्हणाली. वडिलांनी सुट्टीतल्या रोज चार तासांच्या वर्गाची चौकशीही करून ठेवली होती. मी मुलीला एकटीला भेटले आणि आठ अधिक पाच किती होतात ते विचारले, तेव्हा तिने टेबलाखाली हात नेऊन बोटांवर अगदी एकपासून मोजायला सुरुवात केली; नवापर्यंत आली, बाहेर बसलेल्या वडिलांचा आवाज तिच्या कानावर पडला आणि मोजणी तिथेच तुटली.

त्या एका क्षणात मला दोन गोष्टी दिसल्या. मोठा आकडा मनात धरून तिथून पुढे मोजण्याची सवय तिला लागलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक बेरीज तिच्यासाठी लांबलचक होत होती. शिवाय हिशेब चालू असताना आकडे मनात धरून ठेवायला जी थोडी जागा असते, ती जागा ‘चुकले तर काय’ या विचाराने आधीच व्यापलेली होती. अशा मुलीला आणखी चार तास कुणाच्या तरी नजरेखाली बसवले असते, तर धास्ती वाढली असती. म्हणून मी वडिलांना वर्ग थांबवायला सांगितले आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज अर्धा तास सगळ्यांनी मिळून एक खेळ खेळायला सुचवले.

खेळ साधा आहे. प्रत्येकाने कागदावर बारा पणत्या काढायच्या आणि त्यांना १ ते १२ आकडे द्यायचे. आपल्या पाळीला दोन फासे टाकून पडलेल्या आकड्यांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार करायचा आणि येणाऱ्या उत्तराची एक पणती पिवळी रंगवायची. सहा आणि दोन पडले तर आठ, चार किंवा बारा, यांपैकी कोणतीही पणती लावता येते. म्हणजे एकाच डावात मूल तीन हिशेब करते आणि तेही कुणी सांगितले म्हणून नव्हे, तर निवड करायची असते म्हणून. ज्याच्या बाराही पणत्या आधी लागतील तो जिंकला. पाचाचे ठिपके रोज पाहून ते एका नजरेत ‘पाच’ म्हणून ओळखू येऊ लागतात आणि एकपासून मोजण्याची गरज आपोआप कमी होते, म्हणून आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्यांपेक्षा मला ठिपक्यांचे फासे अधिक आवडतात.

आजींची हरकत होती. सणासुदीला घरात फासे म्हणजे जुगार, असे त्यांचे म्हणणे होते. ही हरकत मी गंभीरपणे घेते, कारण पैसे लावून खेळल्याने उद्ध्वस्त झालेली घरे मी जवळून पाहिली आहेत. मी त्यांना सांगितले की पाडव्याच्या तिथीला आपल्याकडे द्यूतप्रतिपदाही म्हणतात आणि आपल्याच वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. मात्र या खेळात पैसाच काय, शंकरपाळीसुद्धा पणाला लावायची नाही. मग आजी स्वतःच खेळायला बसल्या.

तरीही पहिले दोन दिवस फसले. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आईचा फोन आला की मुलगी मधूनच उठून गेली. चौकशी केल्यावर कळले की तिने फासे टाकले की वडील लगेच “चल, सांग लवकर, सहा चोक किती?” असे विचारत होते. फासे नवे होते, परीक्षा जुनीच होती. ही चूक मला सर्वांत जास्त वेळा भेटते आणि ती प्रेमापोटी होते, म्हणूनच ती थांबवणे अवघड जाते. मी तीन गोष्टी ठरवून दिल्या. ज्याची पाळी त्यानेच बोलायचे, इतरांनी ओठसुद्धा हलवायचे नाहीत. बोटे मोजायची तर ती सर्वांसमोर, टेबलावर ठेवून मोजायची. उत्तर चुकले तर पाळी जाणार नाही, पुन्हा मोजायचे. शिवाय मोठ्यांनी आपला हिशेब मोठ्याने बोलून करायचा, म्हणजे मोठी माणसेही अडखळतात हे मुलीला ऐकू येईल.

या शेवटच्या सूचनेचा खरा उपयोग घरातल्या आजोबांनी, म्हणजे आबांनी केला. मोंढ्यातल्या आडत दुकानात त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले होते. पावकी, निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) त्यांना तोंडपाठ होती, पण वय झाल्याने आता मधला एखादा पाढा निसटत असे, आणि ते “थांबा, सहा पाचे तीस, म्हणजे सहा सक छत्तीस” असे आठवत आठवत पुढे जात. पाठ नसलेले उत्तर माहीत असलेल्या उत्तरावरून काढता येते, हे मुलीने आबांकडून घेतले.

भाऊबीजेनंतर ती मला भेटली तेव्हा तिने न विचारता सांगितले की अकराची पणती सगळ्यांचीच शेवटी राहते. कारणही तिनेच शोधले होते: बारा ही सहा-सहा, दोन-सहा आणि तीन-चार अशा तीन जोड्यांनी मिळते, अकरा मात्र फक्त पाच आणि सहा पडले तरच. दोन फाशांच्या ३६ शक्यतांमध्ये अकराला दोनच जागा आहेत आणि बाराला पाच, हे आम्ही मग तक्ता काढून मोजले.

प्रत्येक मुलाला एवढे पुरत नाही. महिनाभर निवांत खेळूनही दोन-तीन ठिपके मोजावे लागत असतील, सात मोठे की नऊ हे ठरत नसेल किंवा आकड्यांची अदलाबदल सतत होत असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे आणि हिशेब शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची, तपासणी करून घ्यावी. तिथे खेळाच्या भरवशावर थांबू नये.

या मुलीच्या बाबतीत शाळा सुरू झाल्यावर बुधवार आणि रविवारी खेळ चालू ठेवायचे ठरले. वर्ग लावला नाही, पण नवोदयच्या सरावासाठी वडील रोज अर्धा तास तिच्याजवळ गप्प बसतात. भागाकार अजून तिला जड जातो, म्हणून पुढच्या भेटीपर्यंत आजींनी साठवलेले चिंचोके मूठभर घेऊन, फाशावर येईल तितक्या वाट्यांत सारखे वाटायचे आणि उरलेले बाजूला ठेवायचे, एवढेच काम मी त्यांना दिले आहे.