वाचकांचे प्रश्न : यंत्र घेण्याआधी पुस्तक तपासा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नाशिकरोडला राहतो. वय ७३. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा मला नीट दिसत नाही. कडेचे मात्र दिसते. वाचन सुटू नये म्हणून मुलाने हौसेने ई-रीडर आणून दिला. अक्षर सर्वांत मोठे आणि सर्वांत ठळक करूनही दोन-चार ओळींतच मी थकून जातो. यंत्र परत करावे का?

उत्तर : लगेच परत करू नका, परंतु ते आपल्या डोळ्यांसाठी योग्य नसण्याची शक्यता आहे हेही मनाशी धरून ठेवा. ई-रीडरचा पडदा कागदासारखा दिसतो आणि डोळ्यांवर चकाकत नाही, म्हणून सर्वसाधारण वाचकाला तो सुखाचा वाटतो. पण त्याची पार्श्वभूमी किंचित राखाडी असते, आणि ज्यांची मध्यदृष्टी गेली आहे त्यांना अक्षर व पार्श्वभूमी यांच्यात जितका ठसठशीत फरक हवा असतो तितका तेथे मिळत नाही. घरात कोणाचा टॅबलेट असेल तर त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे करून तेच पान वाचून पाहा. आपला थकवा यंत्राचा होता की नजरेचा, हे तासाभरात कळेल.

अक्षराच्या आकाराबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो येथेच दूर करतो. अक्षर मोठे केले की सर्वांनाच बरे, असे नसते. आपल्या विकारात मोठ्या अक्षराचा उपयोग होतो. मात्र वाढलेल्या काचबिंदूमुळे किंवा रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या आनुवंशिक विकारामुळे ज्यांची नजर नळीतून पाहिल्यासारखी आक्रसली आहे, त्यांना फार मोठे अक्षर घातकच ठरते, कारण त्या नळीत एका वेळी एखाददुसरेच अक्षर मावते आणि शब्द हाती लागत नाही. मी स्वतः या दुसऱ्या प्रकारातला. दृष्टी पूर्ण जाण्यापूर्वीची शेवटची काही वर्षे मी मध्यम आकाराच्या अक्षरावरच काढली, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ‘अहो, मोठे करा की’ असे मायेने सांगत असे.

देवनागरीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्यांतला फरक पुष्कळसा शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर उभा असतो. ठळकपणा शेवटच्या टोकापर्यंत नेला की ती फट बुजते, ‘भात’चा ‘मात’ होतो आणि ‘धन’चे ‘घन’ होते. मग मेंदू प्रत्येक शब्दाला अर्थावरून अंदाज बांधत बसतो आणि माणूस दोन ओळींत दमतो. म्हणून आकार मोठाच ठेवा, पण ठळकपणा दोन पायऱ्या खाली आणा आणि दोन ओळींतले अंतर वाढवा, म्हणजे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकणार नाही. पुस्तक पीडीएफ स्वरूपात असेल तर अक्षर मोठे केल्यावर ओळी नव्याने जुळत नाहीत, पान डावी-उजवीकडे सरकवत राहावे लागते. ई-पब स्वरूपात हा त्रास नाही. नेत्रतज्ज्ञांकडे अल्पदृष्टी तपासणीची, म्हणजे ‘लो व्हिजन’ची, स्वतंत्र वेळ मागून घ्यावी. तेथे नेहमीच्या चष्म्याच्या नंबरापेक्षा उरलेली नजर कशी वापरायची यावर बोलणे होते. सकाळी डोळ्यांनी आणि संध्याकाळी कानांनी वाचण्याची सवय आतापासून लावून घेतलीत तर फार बरे. कानांनी कसे, ते पुढील उत्तरात आहे.

प्रश्न : मी जन्मापासून पूर्ण अंध असून पंचवटीत राहते आणि मराठी विषयात एम. ए. करते आहे. ई-रीडर घे, असे मैत्रिणी सुचवतात. घ्यावा का? मला मिळालेल्या अभ्यासाच्या पीडीएफपैकी काही फोन वाचतच नाही आणि काही वाचतो तेव्हा इंग्रजी अक्षरांची नुसती बडबड ऐकू येते. दर वेळी भावाला वाचून दाखवायला सांगणे आता नकोसे वाटते.

उत्तर : ई-रीडरसाठी तूर्त पैसे घालू नका. अमेझॉनच्या किंडल या ई-रीडरमध्ये व्हॉइसव्ह्यू नावाचा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, आहे, ब्लूटूथच्या हेडफोनवर तो ऐकता येतो आणि इंग्रजी पुस्तकांना तो उपयोगी आहे, पण मराठी वाचणारा आवाज त्यात नाही. मराठी पुस्तके किंडलच्या ऑनलाइन दुकानात २०१६ पासून मिळू लागली. ती वाचायला तुमच्या हातातला फोनच अधिक कामाचा आहे. अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक हा पडदावाचक तुम्ही वापरत असालच. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन गूगलचा मराठी आवाज फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे इंटरनेट नसतानाही वाचन थांबणार नाही. संगणकावर एनव्हीडीए हा पडदावाचक विनामूल्य मिळतो आणि तोही मराठी वाचतो.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो, कारण ती यंत्राची नसून पुस्तकाच्या पोटातल्या मजकुराची आहे. जी पीडीएफ मुकी राहते तिच्यात अक्षरे नाहीतच, पानांची छायाचित्रे आहेत. जी बडबडते ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली आहे. तेथे डोळ्यांना मराठी दिसत असले तरी आत रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि पडदावाचक बिचारा तेच वाचतो. ज्या पीडीएफमधून सरळ मराठी ऐकू येते, ती युनिकोडमधली, म्हणजे जिच्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असतो अशी. मी स्वतः एकदा भरपूर पैसे देऊन एक मराठी ई-पुस्तक विकत घेतले, हेडफोन लावून बसलो, आणि ‘चित्र, चित्र, चित्र’ एवढेच ऐकू आले. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा पुस्तक ‘स्पष्ट दिसते आहे’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून आधी विनामूल्य नमुना उतरवून दोन पाने ऐकल्याशिवाय मी पुस्तक घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

छायाचित्रांची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून संगणकावरून गूगल डॉक्समध्ये उघडली की तिच्यातली अक्षरे ओळखून मजकूर तयार होतो. मोठे पुस्तक असेल तर दहा-पंधरा पानांचे तुकडे करा. स्वच्छ छपाईचे पुस्तक चांगले उतरते. जुन्या, खिळे झिजलेल्या छपाईत मात्र रफार गळतात, जोडाक्षरे फुटतात आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरचे पुस्तकाचे नाव ऐन वाक्याच्या मध्ये येऊन बसते. जुन्या फाँटची पानेही आधी छायाचित्रे करून याच वाटेने नेता येतात, कारण ही पद्धत आतले संकेत न पाहता अक्षराचे रूप पाहते.

सुगम्य पुस्तकालयाचे सभासदत्व आजच घ्या. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडियाच्या साहाय्याने २०१६ मध्ये सुरू केलेले हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील पुस्तके आहेत, आणि नोंदणीला अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. नोंदणीत अडचण आली तर अंधांसाठी काम करणाऱ्या सातपूरच्या नॅब संस्थेत विचारणा करावी. पुस्तकालयातली डेझी या स्वरूपातली, म्हणजे अंध वाचकांसाठी खास बांधलेली, पुस्तके घेतलीत तर एका प्रकरणावरून दुसऱ्यावर, एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, खूणही ठेवता येते. संदर्भ देऊन निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला याची किंमत मी सांगायला नको.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. मराठीच्या विद्यार्थिनीने केवळ कानांवर विसंबून चालणार नाही. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, यांतला ज वेगवेगळा उच्चारायचा असतो, पण लिपीत अक्षर एकच असल्याने यंत्राचा आवाज तेथे बऱ्याचदा चुकतो. ती चूक तुम्ही कानांनी सुधारून घ्याल. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद यंत्राच्या भरधाव आवाजात पुसला जातो, आणि तो वर्षानुवर्षे ऐकलाच नाही की उत्तरपत्रिकेत लिहिताही येत नाही. ब्रेल येत असेल तर सोडू नका. मजकुराची फाइल बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारी यंत्रे आता आहेत. ऑर्बिट रीडर २० हे त्यांपैकी एक, त्यात एका वेळी २० ब्रेल अक्षरांची ओळ उमटते आणि पुस्तके मेमरी कार्डवर ठेवता येतात. मैत्रिणी ज्याला ई-रीडर म्हणतात, त्याच्याऐवजी मी तुमच्यासाठी पैसे साठवीन तर या यंत्रासाठी.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोडवरील काही मित्र अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके स्कॅन करून देऊ इच्छितो. प्रताधिकाराचा भंग होईल का?

उत्तर : नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक उतरवण्यास आणि तिला वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देण्यास मुभा आहे. संस्थेमार्फत हे काम करायचे तर ते नफ्यासाठी असता कामा नये, फार तर निर्मितीचा खर्च घेता येतो, आणि प्रती इतरत्र विक्रीला जाणार नाहीत याची काळजी संस्थेने घ्यायची असते. अंध वाचकांना पुस्तके मिळावीत यासाठी झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच होता, तेव्हा संकोच बाळगू नका.

फक्त स्कॅन करून थांबू नका, नाहीतर वरच्या पत्रातल्या मुक्या पीडीएफमध्ये आणखी एकीची भर पडेल. अक्षरे ओळखून झाल्यावर एकाने छापील पुस्तक समोर धरावे, दुसऱ्याने फोनवर ऐकावे आणि चुका तेथल्या तेथे दुरुस्त कराव्यात. ज्या विद्यार्थ्यासाठी पुस्तक करता आहात, त्याने होकार दिला तर ऐकण्याच्या जागी त्यालाच बसवा. कोणती चूक वाक्याच्या आड येते आणि कोणती सोडून दिली तरी चालते, हे तो तुम्हाला पहिल्या दहा पानांत सांगेल.