आकाशगंगा की दीर्घिका, दंतकथा की आख्यायिका?

योशिकी तानाका यांच्या 'गिंगा एइयू देनसेत्सु' या दहा खंडांच्या जपानी कादंबरीमालेचे इंग्रजी भाषांतर एका वाचकाने वाचून पूर्ण केले. तिच्यावर मराठीत लिहायला घेतल्यावर त्यांना तीन प्रश्न पडले. 'स्पेस ऑपेरा'ला 'अंतराळ संगीतिका' म्हणावे का? मालेचे नाव मराठीत 'दीर्घिकेतील नायकांची दंतकथा' असे चालेल का? आणि भाषांतर बऱ्याच ठिकाणी जड, कोरडे वाटते, तो दोष मूळचा की भाषांतराचा? मी ही माला आधी इंग्रजीत आणि मग जपानी शिकल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून मुळातून वाचली. तिच्यावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न सोपा आहे. 'अंतराळ संगीतिका' नको. या शब्दातल्या 'ऑपेरा'चा गाण्याशी संबंध नाही. अमेरिकेत रेडिओवरच्या रडव्या कौटुंबिक मालिका साबणाच्या कंपन्या पुरस्कृत करत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' नाव पडले. ठरावीक साच्याच्या काउबॉय कथांना तसेच 'हॉर्स ऑपेरा' म्हणत. 1941 साली अमेरिकन लेखक विल्सन टकर यांनी त्याच चालीवर, रद्दड अंतराळकथांना नावे ठेवण्यासाठी 'स्पेस ऑपेरा' हा शब्द काढला. पुढे त्यातली हेटाळणी गळून पडली आणि विस्तीर्ण अवकाशात घडणाऱ्या, साम्राज्ये आणि आरमारे असलेल्या कथांचे ते साधे वर्गनाम झाले. 'सोप ऑपेरा'ला आपण 'मालिका' म्हणतो, त्यातला साबणही आणला नाही आणि ऑपेराही नाही. जपानीनेही भाषांतराच्या फंदात फारसे न पडता 'सुपेसु ओपेरा' असा शब्द जसाच्या तसा घेतला. आपणही 'स्पेस ऑपेरा' असेच लिहावे.

तरी या मालेपुरते सांगायचे तर प्रश्नकर्त्यांचा कान अगदीच चुकलेला नाही. दोन नायकांपैकी साम्राज्याच्या बाजूचा राइनहार्ट. त्याचे आडनाव लोएनग्राम, ते जर्मन संगीतकार व्हाग्नरच्या 'लोएनग्रीन' या संगीतिकेची आठवण करून देते. त्याच्या जिवलग मित्राचे नाव झीगफ्रीड, त्याच नावाची व्हाग्नरची संगीतिका आहे. 1988 पासून निघालेल्या 110 भागांच्या अॅनिमेशन मालिकेत तर लढायांच्या मागे माहलर, ब्रुकनर या संगीतकारांच्या रचना वाजत राहतात.

आता शीर्षक. पहिला शब्द 'गिंगा'. त्यात दोन अक्षरे आहेत, 'चांदी' आणि 'नदी'. रुपेरी नदी. इंग्रजी 'गॅलेक्सी'च्या मुळाशी ग्रीक भाषेतले दूध आहे, पण जपानी आणि मराठी दोघींनाही आकाशात पाणी दिसले. आपली आकाशगंगा आणि त्यांची गिंगा बहिणी शोभतात. 'दीर्घिका'ही पाण्यातलीच आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे, राजवाड्याच्या बागेतली लांब पुष्करिणी. मराठी खगोलशास्त्राने ती 'गॅलेक्सी'साठी उचलली ही फार सुंदर निवड आहे. मला आजही हा शब्द लिहिताना आनंद होतो.

पण इथे ती नको. दीर्घिका हे जातिवाचक नाम आहे. विश्वात दीर्घिका असंख्य आहेत, आकाशगंगा मात्र एकच, आपली. आणि या कथेतली सगळी माणसे आपल्याच आकाशगंगेत राहतात. साम्राज्य ओरायन भुजेत, म्हणजे आपल्या मृग नक्षत्राचे नाव लावणाऱ्या सर्पिल भुजेत. मुक्त ग्रहांचा संघ धनू भुजेत. मधला प्रदेश जहाजांना धोक्याचा, आणि तो ओलांडायला दोनच खिंडी. एकीवर इझरलोन नावाचा किल्ला, दुसरीवर फेझान नावाचे व्यापारी संस्थान. दहा खंडांचे सगळे युद्धशास्त्र या दोन खिंडींवर उभे आहे. गड आणि खिंडींच्या इतिहासावर वाढलेल्या वाचकाला नकाशा काढून द्यावा लागत नाही. दुसऱ्या दीर्घिकेत कुणी पाऊलच टाकत नाही, म्हणून 'आकाशगंगा'.

दुसरा शब्द 'एइयू', म्हणजे इंग्रजीतला 'हीरो'. 'नायक' म्हटले की मराठीत नाटक-सिनेमातला किंवा कथेतला मुख्य पुरुष डोळ्यांपुढे येतो. 'वीर' म्हणावे, तर राइनहार्टला ते शोभते, पण दुसऱ्या नायकाला, संघाच्या यांग वेन-लीला? यांगला इतिहासाचा अभ्यासक व्हायचे होते. पैसे नव्हते, म्हणून फुकट शिकायला मिळेल अशा सैनिकी विद्यालयात तो गेला. सेनापती झाल्यावरही त्याला निवृत्तिवेतनाची ओढ, चहात ब्रँडी ओतून पिण्याची सवय, आणि कुणी वीर म्हटले की संकोच. पण हा शब्द त्याला मुळातही बसत नाही, आणि तो न बसणे हाच त्याच्या वाट्याच्या कथेचा गाभा आहे. लोक त्याच्यावर जो शब्द लादतात तोच शीर्षकात हवा. म्हणून 'वीर'.

खरी मेख 'देनसेत्सु'त आहे. इंग्रजीने 'लेजंड' केले आणि प्रश्नकर्त्यांनी त्याचे 'दंतकथा'. मराठीत दंतकथा म्हटली की ऐकणारा ती खरी नाही असेच धरून चालतो. 'गाथा' मलाही सुचली होती, पण ती आपल्याकडे तुकोबांची. अभंगांच्या, पद्याच्या शब्दाला या गद्य इतिहासाचे ओझे कशाला द्यायचे? 'वीरगाथा' तर हिंदीच्या वळणाने आलेली वाटते.

'बखर' या शब्दाने मला बरेच दिवस धरून ठेवले. या मालेचा निवेदक इतिहासकाराच्या आवाजात बोलतो. एखादी लढाई संपली की 'पुढच्या काळातल्या इतिहासकारांचे यावर एकमत नाही' अशा थाटात दोन्ही बाजू मांडतो. राजाच्या कारकिर्दी, मोहिमा, कोण पडले, कोण फितूर झाले, ही सारी बखरीची सामग्री आहे. कालगणनेतही तेच. इसवी सन 2801 पासून अवकाश-सन सुरू होतो. त्या सनाच्या 310 व्या वर्षी साम्राज्याचा संस्थापक रुडॉल्फ स्वतःला सम्राट म्हणवून घेतो आणि त्या वर्षापासून आपला सन चालू करतो. कथा सुरू होते ते वर्ष एका बाजूला 796, दुसऱ्या बाजूला 487. इंग्रजी वाचक इथे गोंधळतो. 1674 च्या राज्याभिषेकापासून शिवाजी महाराजांनी राजशक सुरू केला हे शाळेत शिकलेल्याला या दुहेरी सनांचा त्रास नाही, आणि साम्राज्याच्या सनाला 'राजशक' हा तयार शब्दही त्याच्याजवळ आहे.

तरीही बखर हा शब्द मी शेवटी सोडला. बखरकार एका दरबाराचा माणूस असतो. सभासद आपल्या राजाबद्दल लिहितो, त्याची निष्ठा कुठे आहे हे वाचणाऱ्याला माहीत असते. तानाकांचा निवेदक कुणाचे मीठ खात नाही. भ्रष्ट झालेली लोकशाही चांगली की सज्जन, कर्तबगार हुकूमशहा, हा प्रश्न तो दहा खंड तोलत राहतो. राइनहार्टच्या सुधारणा खऱ्याखुऱ्या चांगल्या आहेत आणि यांगचे सरकार खरोखर नालायक आहे, तरी यांग लोकशाहीची बाजू सोडत नाही. मालेचे सगळ्यात मोठे बळ मला यात दिसते. भाषांतरातही ते पुसले जात नाही.

उरला 'आख्यायिका'. आज आपण तो शब्द सांगोवांगीच्या गोष्टीसाठी वापरतो, पण दंतकथेहून त्याला वजन आहे. आख्यायिका होऊन गेलेल्या माणसाभोवती जमते. त्याचा जुना अर्थ तर याहून नेमका आहे. अमरकोश म्हणतो, 'आख्यायिकोपलब्धार्था', म्हणजे जिचा विषय ठाऊक असलेला, घडलेला आहे ती आख्यायिका. लगेच पुढे 'प्रबन्धकल्पना कथा', कल्पनेने रचलेली ती कथा. बाणभट्टाचे 'हर्षचरित' आख्यायिका, त्याचीच 'कादंबरी' कथा. त्या 'कादंबरी'वरून आपण सबंध वाङ्मयप्रकाराला नाव दिले आणि आख्यायिकेला मात्र पारावरच्या गप्पांत बसवले.

आता 'देनसेत्सु'कडे पाहा. 'देन' म्हणजे पुढच्याला देणे, पिढीकडून पिढीकडे पोचवणे. तेच अक्षर चरित्रासाठीही येते. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कच्या चरित्रग्रंथाला जपानीत 'एइयूदेन' म्हणतात. जपानी वाचक तानाकांच्या मालेचे नाव लाडाने तोडून 'गिनएइदेन' करतात, तेव्हा 'सेत्सु' गळते आणि शेवटी उरते ते चरित्रवाले 'देन'. इतिहास आणि लोकश्रुती एकाच अक्षरात. मराठीत हे दोन्ही अर्थ, एक जुना एक नवा, पोटात वागवणारा शब्द आख्यायिकाच. 'आकाशगंगेतील वीरांची आख्यायिका'. माझे उत्तर हे.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. कोरडेपणाचा मोठा वाटा मूळचाच आहे. 1982 ते 1987 या काळात आलेल्या या मालेची सुरुवात एकही पात्र न दाखवता, शतकांच्या इतिहासाचा आढावा घेत होते. तानाका दाखवण्यापेक्षा सांगतात. सेनापतींच्या नावांची यादी येते, प्रत्येकाला दोन विशेषणे मिळतात आणि पन्नास पानांनी त्यांतला एखादा मरतो. अवकाशातल्या लढाया बहुतेक वेळा सपाट मैदानावर चालल्यासारख्या आहेत, डावी बगल, उजवी बगल. बायकांच्या वाट्याला जागा थोडी. राइनहार्टची बहीण अॅनरोझ, जिच्यापायी सगळे कथानक सुरू होते, तीसुद्धा बराच काळ दूरच राहते. हे दोष मी झाकणार नाही.

पण जपानीत हा कोरडेपणा टोचत नाही, त्याचे कारण वाक्याच्या शेपटीत आहे. जपानी वाक्य 'तो इउ' म्हणून संपवता येते, जसे आपण वाक्याच्या शेवटी 'म्हणे' ठेवतो. 'त्या रात्री सम्राट झोपला नाही म्हणे.' एका शब्दात कळते की हे ऐकीव आहे. आपल्या 'म्हणे'त शंकेची छटा जास्त, त्यांच्यात कमी, पण जागा तीच आणि लांबीही तेवढीच. इंग्रजीला बहुतेक वेळा 'असे म्हटले जाते की' हे वाक्याच्या सुरुवातीला मांडावे लागते. असे शंभरदा झाले की गद्य कचेरीतल्या टिपणासारखे वाटू लागते. त्यात 2016 ते 2019 दरम्यान निघालेल्या या दहा इंग्रजी खंडांना तीन भाषांतरकार लाभले. पहिले तीन डॅनियल हडलस्टन यांचे, आणि मला तेच सर्वांत सलग वाटतात. पुढे हात बदलला की निवेदकाचा आवाजही बदलतो. सगळी माला ज्या एका आवाजावर उभी आहे, तोच आवाज मध्येच पालटला तर वाचक अडखळणारच.

काही गोष्टी मात्र कुठल्याही इंग्रजी भाषांतरकाराच्या हातातल्या नव्हत्या. छापील जपानीत अक्षराच्या शेजारी बारीक टाइपात वेगळा उच्चार देता येतो. तानाका 'सम्राट' या अर्थाची अक्षरे लिहितात आणि बाजूला उच्चार देतात 'कायझर'. अर्थ जपानी डोळ्याला, नाद जर्मन कानाला, एकाच वेळी. इंग्रजीत दोहोंतला एक सोडावा लागतो. मराठीतही लागेल. पात्रांच्या नावांत मात्र देवनागरी सरस ठरते. 'रॉयेंटाल' रोमन लिपीत कसा लिहावा यावर मालेच्या चाहत्यांत वाद आहेत, आपण कानाला ऐकू येते तसे लिहितो आणि पुढे जातो.

आणि संबोधने. राइनहार्ट खाजगीत स्वतःला 'ओरे' म्हणतो, चारचौघांत 'वाताशी', आणि गादीवर बसल्यावर राजाचे 'यो'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द. मराठीत निदान 'मी' आणि 'आम्ही' हा फरक राखता येईल. पहिल्या खंडात दहा वर्षांचा राइनहार्ट शेजारच्या मुलाला, झीगफ्रीड किर्खआइसला, भेटल्याबरोबर सांगतो की झीगफ्रीड हे नाव सामान्य आहे, किर्खआइस हे आडनाव काव्यमय आहे, म्हणून मी तुला आडनावानेच हाक मारणार. इंग्रजी वाचकाला आडनावाची हाक लष्करी, अंतर राखणारी वाटते. पण मराठी शाळेत बाकावर शेजारी बसणारी पोरे एकमेकांना जन्मभर 'जोश्या', 'पाटील' म्हणत राहतात. ही हाक किती जवळची असते हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. उलट किर्खआइस त्याला 'राइनहार्ट-सामा' म्हणतो. इंग्रजीने तिथे 'लॉर्ड' ठेवले आणि मैत्रीवर सरदारकी चढवली. 'सामा'त आदर आहे, पण पदवी नाही. मी 'जी', 'राव', 'साहेब' सगळे लावून पाहिले, एकही बसले नाही. शेवटी वाटले की नाव मोकळे ठेवावे आणि क्रियापदाने आदर सांभाळावा: 'राइनहार्ट, तुम्ही जेवलात का?'

हे जमले तर दुसऱ्या खंडातला एक प्रसंग मराठीत इंग्रजीपेक्षा खोल उतरेल. दोघांत पहिल्यांदाच फाटते. एका ग्रहावरची माणसे वाचवता येत असताना मरू दिली, यावरून किर्खआइस जाब विचारतो. राइनहार्ट संतापून विचारतो, तू माझा कोण आहेस? मुळात इथे 'सामा' गळते आणि तिच्या जागी 'काक्का' येते, वरिष्ठांना उद्देशून वापरायचा औपचारिक शब्द. इंग्रजीत वाचताना ही एक पदवी जाऊन दुसरी आली, एवढेच दिसते. मराठीत किर्खआइस आजवर 'तुम्ही' म्हणत आलेला असेल. तो क्षणभर गप्प राहील आणि म्हणेल, 'मी आपला एकनिष्ठ सेवक आहे, सरकार.'