नागपूर-अमरावती-नागपूर सायकलने बारा तासांत होईल का?

तुमचा हिशेब असा दिसतो: रोज पहाटे फुटाळा तलावापासून निघून ३० किमी करता, सरासरी ताशी २७ येते. अमरावती जाऊन-येऊन साधारण ३१० किमी, भागिले २७, म्हणजे साडेअकरा तास. वर अर्धा तास चहापाण्याला.

या हिवाळ्यात तरी होणार नाही, भाऊ. पंधरा ते सतरा तास धरून चला. पहिल्याच वेळी सोळा तासांत घरी पोचलात तर उत्तम झालं असं मी म्हणेन.

भागाकार बरोबर आहे, पण त्यातला २७ हा आकडा या रस्त्याचा नाहीच. तो सव्वा तासाच्या आतला आकडा आहे. तेवढ्या वेळात स्नायूंमधला साखरेचा साठा संपत नाही. तुम्ही उपाशीपोटी निघून एक बाटली पाण्यावर घरी येऊ शकता आणि शरीर कुरकुरत नाही. जोरात चालवली तर हा साठा दोन-तीन तासांत तळाला जातो. तिथून पुढे तासाला किती खाता आणि ते किती पचतं यावर वेग ठरतो. रोजच्या ३० किमीत याची परीक्षा कधी झालेलीच नसते.

दुसरी गोष्ट हवेची. सपाट रस्त्यावर ताशी २५ किमीच्या पुढे तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी २२ ऐवजी २७ ने जायचं तर हवेपुरती सुमारे ८५ टक्के जास्त ताकद लागते. एक तास ती निघते, बारा तास निघत नाही. टूर द फ्रान्सवाले रोज दीडशे-दोनशे किमी ताशी ४० च्या वर मारतात ते पाहून आपण फसतो. त्यांचे पाय वेगळे आहेतच, शिवाय शंभर-दीडशे जणांच्या घोळक्यात मागे राहून वारा चुकवायची सोय असते. एकट्याला कोंढाळी रोडवर समोर कोण मिळणार? ट्रकच्या मागे लागायचा मोह मात्र कृपा करून टाळा.

या मार्गावरचा खरा डाव वाऱ्याचा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो आणि अमरावती पश्चिमेला. जाताना तो थोडाफार पाठीशी, येताना नेमका अंगावर. त्यामुळे अमरावतीला पोचेपर्यंत २७-२८ दिसतात, माणूस खूश होतो, घरच्यांना फोन करून संध्याकाळच्या जेवणाची वेळ सांगून टाकतो. जाताना ३० आणि येताना २० पडले तर सरासरी २५ येत नाही, २४ येते, कारण हळू चालवण्यात तास जास्त जातात. परतीला जो वेग राहील तोच तुमचा दिवस ठरवणार. त्यात कोंढाळीच्या पुढचे चढउतार आणि तळेगावचा सत्याग्रही घाट. हा घाट काही हिमालय नाही, पण परतताना दोनशेच्या आसपास किमी पायात असताना तो समोर येतो.

आता थांब्यांचं. तुम्ही अर्धा तास धरलाय. बाटल्या भरणे, एक पंक्चर, दोन वेळचं खाणं, तिवस्याला चहा, मोझरीला पाच मिनिटं सावलीत बसणं, अमरावतीच्या ट्रॅफिकमधून आत-बाहेर. तीन तास कुठे गेले कळत नाही. सरावलेले लोकही दोन-अडीच तास घालवतातच. स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या ॲपवर जो वेग मिरवला जातो तो चाक फिरत असतानाचा. कोणी ‘तीनशे किमी, सरासरी २५’ असं टाकलं की मी आधी एकूण वेळ बघतो. बहुतेक वेळा तिथे १५ तासांच्या वरचा आकडा असतो.

माझा तुमच्यासाठीचा हिशेब: चाक फिरतानाची सरासरी २२, म्हणजे १४ तास, थांबे आवरते घेतले तर दोन तास. सोळा झाले. रोड बाइकऐवजी जाड टायरची माउंटन बाइक असेल तर आणखी एक-दोन तास जोडा.

यात कमीपणा वाटत असेल तर ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला पुरा करायच्या सायकल राइडचे, नियम पाहा. जगभर हौशी लांबपल्लेवाल्यांसाठी ३०० किमीची मुदत २० तास आहे, थांबे धरून. २०० ची साडेतेरा, ६०० ची ४०. म्हणजे ताशी १५ टिकवलेत तरी तुम्ही पास. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किमी, बारा दिवसांच्या आत. भागून बघा: झोप, थांबे, डोंगर, वाळवंट सगळं धरून ताशी सतराच्या आसपास. मला हा आकडा कुठल्याही टॉप स्पीडपेक्षा भारी वाटतो.

बारा तासांत ३०० करणारे हौशी लोक असतात, नाही असं नाही. पण ते वर्षानुवर्षं चालवतात, चार-पाच जण आळीपाळीने पुढे राहतात आणि थांबा पाच मिनिटांत आटोपतात.

सोळा तासांचा दिवस म्हणजे अंधार आलाच. डिसेंबरात उजाडायला पावणेसात होतात आणि साडेपाचला सूर्य जातो. पहाटे चारला निघालात तरी परतीचे शेवटचे अडीच तास हायवेवर अंधारात. पुढचा चांगला दिवा, मागे दोन लाल दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट यावर खर्च करा, कार्बनच्या चाकांवर नंतर. समृद्धी महामार्गाचा विचारही नको, तिथे सायकल चालत नाही. उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली जुन्या हायवेवर भेटतीलच. एप्रिल-मेमध्ये हा बेत करू नका. दुपारी ४३-४४ अंशांत वेगाचा प्रश्नच उरत नाही.

खाण्याचं: निघताना तर्री पोहे नको, पोटात आग पडते. साधे पोहे, केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे चालतील. दर तासाला थोडं, भूक लागायच्या आधी. कोंढाळी-कारंजा पट्ट्यात हंगामात रस्त्याकडेला संत्री मिळतात, ती खुशाल खा, पण मीठ-साखरेचं पाणी वेगळं हवंच. सावजी परत आल्यावर.

पुढच्या रविवारी कारंजा घाडगेपर्यंत जाऊन या, साधारण अर्धं अंतर होतं. घड्याळ घरातून निघताना सुरू करा आणि घरात शिरल्यावरच बंद करा, मध्ये कुठेही पॉज नाही. साडेसात तासांत आलात आणि दुसऱ्या दिवशी जिना चढता आला, तर जानेवारीत अमरावती करा, सोळा तास धरून. नऊ लागले तर आधी दोन-तीनदा दीडशेच करा.